एकदेव्यांचा वाटा

"तुमचे देव किती?"

धामणटोल्यात पाऊल ठेवल्यावर विश्वनाथ मास्तरांना विचारलेला पहिला प्रश्न हा होता. नाव नाही, गाव नाही, जात नाही. विचारणारा नत्थूजी. तो टोल्याचा भुमका, म्हणजे गोंडांचा पुजारी. अंगावर पंचा, कानात बाळ्या, आणि डोळे असे की समोरच्याची थट्टा करावी की त्याला पाणी द्यावं हे अजून ठरायचंय.

मास्तर तेव्हा पंचेचाळिशीचे होते. नागपूरच्या मिशनने त्यांना सुवार्ता सांगण्यासाठी देवलापारच्या पलीकडच्या जंगलातल्या या वस्तीत धाडलं होतं. स्वभावाने बुजरे, पुस्तकांत रमणारे. चार माणसांसमोर उभं राहिलं की त्यांना शब्द सापडत नसत. पहिल्या दिवशी काय बोलायचं याची त्यांनी बसमध्ये सारी वाट मनातल्या मनात उजळणी केली होती. आणि प्रश्न आला तो असा, की त्याचं उत्तर त्यांना झोपेतसुद्धा देता आलं असतं.

"एक," ते म्हणाले. "देव एकच आहे."

आता वाद होणार असं त्यांना वाटलं. पण नत्थूजीने मागे वळून बसलेल्यांना गोंडीत काही सांगितलं आणि सगळी माणसं हळहळली. एका बाईने तर कपाळाला हात लावला.

"एकच?" नत्थूजी म्हणाला. "अरेरे. मंग तुमाले भाऊ कोण?"

त्याचा अर्थ मास्तरांना पुष्कळ दिवसांनी कळला. गोंडांची घराणी देवांच्या संख्येवरून ओळखली जातात. कोणी चारदेवे, कोणी सहादेवे, कोणी सातदेवे. ज्यांच्या देवांची संख्या सारखी ते एकमेकांचे भाऊ. मांडव घालायचा तर त्यांनी, मयताला खांदा द्यायचा तर त्यांनी. ज्यांची संख्या वेगळी ते सोयरे; मुली द्यायच्या-घ्यायच्या त्या त्यांच्यात. मास्तरांनी ईश्वराविषयी सांगितलं होतं. टोल्याला वाटलं, पाहुणा आपलं कूळ सांगतो आहे. तेव्हापासून मास्तर आणि त्यांची बायको देवकी 'एकदेवे' झाले. त्यांच्यासारखं दुसरं घर टोल्यात नव्हतं. म्हणजे भाऊ एकही नाही, आणि सोयरे मात्र सगळेच. सोयऱ्याची थट्टा करायचा हक्क असतो. तो हक्क टोल्याने पहिल्याच आठवड्यापासून मनमोकळेपणाने बजावला.

बघता बघता एक तप निघून गेलं.

मास्तरांनी ओसरीत पोरांची शाळा भरवली. देवकी पूर्वी दवाखान्यात नर्स होती. ती खरजेला मलम लावी, डोळ्यांत औषध घाली, अडलेल्या बायकांची सुटका करी. टोल्यात ती 'दवाईवाली बाई' झाली. मातीच्या भिंतींचं आणि कवेलूंच्या छपराचं एक प्रार्थनेचं देऊळ उभं राहिलं, ते शाकारायला सगळा टोला आला. रविवारी माणसंही येत. गाणी त्यांना आवडत. नत्थूजी स्वतः ढोलकी घेऊन बसे आणि मास्तरांचा सूर जिथे सुटे तिथे मोठ्यांदा गाऊन सांभाळून घेई. उपदेश चालू झाला की म्हातारी माणसं भिंतीला टेकून डुलक्या काढत. शेवटी नत्थूजी उठून म्हणे, "चांगला हाय तुमचा देव, सोयरे. त्याले आमचा जोहार सांगा."

पण बाप्तिस्मा? तो कोणीही घेतला नाही. एकानेही नाही.

मास्तरांना त्यात इतर कोणाचा दोष कधी दिसला नाही. आपल्या जागी खड्या आवाजाचा, ठाम बोलणारा माणूस असता तर, असं त्यांना वाटे. आपण ज्याबद्दल बोलतो त्यात आपल्यालाच शंका आहे असं लोकांना वाटत असेल का, असंही वाटे. आणि मग शंका नसलेल्या जागीही ते शंका शोधत बसत.

आणखी एक गोष्ट त्यांना दरवर्षी टोचे. चैत्रात मोह गळायला लागला की पहिली फुलं कोणी तोंडात घालत नसे. नत्थूजी ती गावाबाहेरच्या थोरल्या मोहाखाली देवाला वाही. मग ती भाजून, थोडे तीळ घालून, पळसाच्या द्रोणांतून घरोघर वाटली जात. घरातल्या माणसाने आपला वाटा खाल्ला की त्या घराला नवा मोह मोकळा. एकदेव्यांच्या घरीही द्रोण येई. देवकी तो दोन्ही हातांनी घेई. पण दुसऱ्या देवाला वाहिलेलं अन्न मास्तरांच्या घशाखाली उतरत नसे. वडिलांनी लहानपणी तसं शिकवलं होतं आणि पवित्र शास्त्रातही त्यांना तसंच दिसे. फेकून द्यावं तर अन्न. शेवटी ते मागच्या अंगणात जात आणि द्रोण शेळीपुढे धरत. शेळी वर्षभर त्याची वाट बघत असावी अशी खाई. हे कोणाला ठाऊक नाही, असा मास्तरांचा समज होता.

*

चौऱ्याहत्तर साली थंडी सरता सरता मास्तरांना नागपूरला बोलावणं आलं.

सदरमधल्या मिशनच्या कचेरीत मनोहरराव बसत. ते पाळक, म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरू होते आणि या भागातल्या मिशनच्या सगळ्या ठाण्यांचे प्रमुखही. वयाने मास्तरांपेक्षा लहान. म्हणून मास्तर आत आले की उठून उभे राहात. त्या दिवशीही उठले, खुर्ची पुढे केली, चहा मागवला. एवढं अगत्य पाहूनच मास्तरांनी ओळखलं, बातमी बरी नाही.

"मास्तर, तुमच्याबद्दल कोणाची तक्रार नाही," मनोहरराव म्हणाले. "पण उमरेडला खाणीवर आपले किती कुटुंबं गेले आहेत, माहीत आहे? मुलं मोठी होऊन राहिली, त्यांना शिकवायला माणूस नाही. तिथे लोक बोलावतात आणि माणूस मिळत नाही. आणि धामणटोल्यात..."

"कोणीच नाही," मास्तरांनीच वाक्य पुरं केलं.

"कमिटी म्हणते, ठाणं बंद करा. मी म्हटलं, मी स्वतः जाऊन बघतो. ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी येतो. एखादा जरी तयार असेल मास्तर, एक जरी, तर मला कमिटीसमोर उभं राहायला जागा होते. नाही तर ईस्टरनंतर तुम्ही उमरेडला. तिथे देवळात विजेचे दिवे आहेत."

मास्तरांनी मान हलवली. विजेच्या दिव्यांबद्दल आनंद दाखवायला हवा असं त्यांना वाटलं, पण तो दाखवता आला नाही.

घरी आले तेव्हा देवकी ओसरीत मलमाचा डबा घासत होती. बाजूला पार्वतीबाई बसली होती. ही सातदेव्यांची विधवा, पन्नाशीच्या आसपासची. मूलबाळ नाही. शेजारीच राहायची आणि दिवसातून दोनदा तरी देवकीकडे येऊन बसायची. मास्तरांना ती भिंतीसारखीच सवयीची झाली होती. ते तिच्यासमोरच बायकोला सगळं सांगून बसले.

देवकीचा हात थांबला. "मग? लोकांना सांगा की."

"काय सांगू? माझी नोकरी राहावी म्हणून तुम्ही ख्रिस्ती व्हा, असं?"

देवकी पुन्हा डबा घासू लागली. पार्वतीबाई उठली, लुगडं झटकलं आणि गेली. सांजेपर्यंत सगळ्या टोल्याला बातमी झाली होती.

*

दुसऱ्या दिवशी चिंचेखाली पंचायत बसली आणि मास्तरांना बोलावणं आलं. निरोप द्यायला बोलावलं असेल, असं समजून ते गेले.

"सोयरे," नत्थूजीने सुरुवात केली, "तुमच्या नागपूरवाल्याचं म्हणणं आमाले पटते. एका घराचं कूळ गावात टिकत नाई. खांदा द्याले भाऊ नाई, आरती कराले बहीण नाई. इतके दिवस आमी बी हे नाई पाह्यलं. चूक आमची आहे."

"नाही हो नत्थूजी, ते तसं नाही..."

"थांबा ना जी. तं टोल्यातून कोणी तरी एकदेवं व्हा लागते. कोण होते, बोला."

माणसं एकमेकांकडे बघू लागली. मग लहानू नावाचा एक तरणा गडी मागून म्हणाला, "मी झालो असतो. पण मास्तरजी मोहाची घेऊ देत नाईत."

"तुले ठेवते कोण एकदेव्यात!" एक बाई म्हणाली. "त्यायच्या एका देवाले बी पळवून लावशीन!"

हशा झाला. मग खरी अडचण पुढे आली. चारदेव्यांतल्या देवाजीने कूळ बदललं तर त्याच्या सुनेचा बाप त्याचा कोण लागणार? सहादेव्यांतला एक जण एकदेवा झाला तर त्याच्या पोरीचं जमलेलं लग्न राहणार की मोडणार? माणसं बोटांवर नाती मोजू लागली, चुकू लागली, पुन्हा मोजू लागली. मास्तर ऐकत होते. बाप्तिस्म्याचा विचार आजवर कोणी असा केला असेल असं त्यांना वाटेना. हसावं की रडावं ते कळत नव्हतं.

"मी होतो," पार्वतीबाई म्हणाली.

ती बायकांत बसली होती, तिथूनच बोलली. "माह्यं काय अडते? पोरगा नाई, पोरगी नाई, सोयरीक मोडाचं भेव नाई. या मास्तरले भाऊ नाई तं नाई, बहीण तं होईन."

नत्थूजीने सगळ्यांकडे पाहिलं. कोणी हरकत घेतली नाही. "मंग झालं," तो म्हणाला. "पारबती आजपासून एकदेव्यायची बहीण."

आणि पंचायत उठली.

रविवारी पार्वतीबाई न्हाऊन, धुतलेलं लुगडं नेसून देवळात आली आणि सगळ्यांच्या पुढे बसली. उपासना संपल्यावर माणसं गेली नाहीत. पाणी कधी घालतात ते बघायला थांबली. बाप्तिस्मा देणं आपल्या हातात नाही, पाळकच तो देतात, हे मास्तरांनी सांगितलं. पण नाव तरी आजच कळवायला हवं होतं, आणि कळवण्याआधी विचारणं त्यांचं कर्तव्य होतं.

"पार्वतीबाई, तुम्हाला बाप्तिस्मा कशासाठी हवा?"

"काहून म्हणजे? तुमाले बहीण नाई म्हणून."

"आणि देवासाठी?"

तिने जरा विचार केला. "देवाले बहीण पायजे काय?"

मागे कोणी तरी फिसकन हसलं. मास्तर हसले नाहीत. ज्या उत्तराची त्यांनी एवढी वर्षं वाट पाहिली ते हे नव्हतं. 'हो' म्हणावं, नाव कळवावं, ठाणं राहील. हात लांबवायचाच अवकाश होता. आणि म्हणूनच त्यांना भीती वाटली. स्वतःच्या सोयीसाठी देवाला फसवतोय असं वाटलं.

"असं नाही चालत, बाई," ते खाली बघत म्हणाले. "माझ्यासाठी नका घेऊ. मी... मी हे नाही घेऊ शकत."

पार्वतीबाईने एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मग उठली, पदर सारखा केला आणि बाहेर गेली. तिच्यामागे एकेक करून सगळे गेले. नत्थूजीने ढोलकी उचलली. तो मास्तरांना जोहार न करताच निघून गेला.

*

त्यानंतर कोणी भांडलं नाही, कोणी तोंडावर काही बोललं नाही. फक्त थट्टा बंद झाली. मास्तर वाटेने गेले तर माणसं बाजूला होत, हात जोडत, "रामराम मास्तरजी" म्हणत, जशी तलाठ्याला म्हणतात. पोरं शाळेत येत, पण शाळा सुटली की धूम ठोकत. पार्वतीबाई देवकीकडे येईनाशी झाली.

"मी काय चुकीचं केलं?" मास्तरांनी एकदा विचारलं.

देवकी तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "चुकीचं कुठे? अगदी बरोबर केलंत. तुम्हाला देवासाठी आलेलं माणूस पाहिजे होतं. ती बिचारी तुमच्यासाठी आली. चार माणसांसमोर नातं घेऊन आली, ते तुम्ही चार माणसांसमोर परत केलंत."

मास्तर पुस्तक उघडून बसले. एकाच पानावर बराच वेळ.

मग मोह गळायला लागला. पहाटे टोपल्या घेऊन बायका जंगलात जाऊ लागल्या. साऱ्या टोल्यावर तो गोडसर, जड वास पसरला. थोरल्या मोहाखाली ढोल वाजले. मास्तर ओसरीत पुस्तक घेऊन बसले होते. द्रोण घेतलेल्या पोरी या घरातून त्या घरात जात होत्या. शेजारच्या घरी आल्या, समोरच्या घरी गेल्या. मास्तरांच्या दारावरून तशाच पुढे गेल्या.

मागच्या अंगणात शेळी दोर ताणून ओरडू लागली.

जी गोष्ट आपण एकदाही खाल्ली नाही ती आली नाही म्हणून एवढं का लागावं, हे मास्तरांना कळेना. दोन-तीन दिवस त्यांनी ते मनातच घोळवलं. मग चपला घातल्या आणि नत्थूजीच्या अंगणात जाऊन उभे राहिले. नत्थूजी दोर वळत होता.

"नत्थूजी, आमचा वाटा आला नाही."

"तुमचा वाटा निंगला जी. दरसाल निंगते तसाच निंगला."

"मग?"

नत्थूजीने दोर खाली ठेवला. "तुमी तं खात नाई. आमाले का माहीत नाई? बकरीले चारता."

मास्तरांचे कान तापले. "केव्हापासून माहीत आहे?"

"पयल्या सालापासून. तुमच्या बकरीले साऱ्या टोल्यात मोहाचा वास पयले येते. आमी म्हणतो, मास्तर एकदेवे, पण बकरी सातदेवी दिसते." बोलताना त्याच्या डोळ्यांत जुनी थट्टा क्षणभर आली आणि गेली. "आमी कधी बोललो? पाहुण्याले कशाले जोर करा? पण या साली तुमाले बहीण आहे. बहीण असली का वाटा तिच्या घरी जाते. भाऊ तिच्या हातचा खाते, मंग बहीण खाते. त्याच्या आंदी तिले नवा मोह चालत नाई."

"पण मी तर... मी त्या दिवशी देवळात नाही म्हटलं होतं."

"तुमी तुमच्या देवळात म्हटलं. पंचायतीत तिनं हो म्हटलं होतं. थे वापस होते काय?"

मास्तरांना सगळं कळायला थोडा वेळ लागला. चैत्रात टोल्यातल्या घरांत धान उरलेलं नसतं. पेरणीपर्यंतचे दिवस मोहावरच निघतात. उकडलेला मोह, भाजलेला मोह, मोहाची भाकर. आणि पार्वतीबाई रोज टोपल्या भरून तोच वेचत होती, वाळवत होती, आणि तोंडात घालत नव्हती.

"मग ती खाते काय?"

"पाला-भाजी. कणीची पेज असन थोडी." नत्थूजीने पुन्हा दोर उचलला. "मी म्हटलं तिले, सोड वं, थो माणूस चालला उमरेडले. नाई म्हणते."

मास्तर घरी आले ते जवळजवळ पळतच. देवकीला त्यांनी सगळं सांगितलं. देवकी उठली, डब्यातले तांदूळ एका फडक्यात बांधले आणि गाठोडं त्यांच्या हातात दिलं. "बहिणीकडे रिकाम्या हाताने जाऊ नये," ती म्हणाली, आणि स्वतःही पदर खोचून त्यांच्याबरोबर निघाली.

पार्वतीबाईचं अंगण पिवळ्या फुलांनी भरून गेलं होतं. ती कडेला बसून काडीकचरा वेचत होती. गालफडं बसली होती. मास्तरांना पाहून ती उठली नाही.

"वाटा घ्यायला आलो," मास्तर म्हणाले.

तिने एकदा देवकीकडे पाहिलं. "बकरीसाठी का?"

"नाही. माझ्यासाठी."

ती आत गेली आणि आढ्याला अडकवलेला द्रोण घेऊन आली. पळसाचं पान वाळून कडक झालं होतं. आतली फुलं काळपट, चिकट, एकमेकांना बिलगलेली. तिने पाट मांडला, पाण्याचा तांब्या ठेवला आणि दोन पावलं मागे जाऊन उभी राहिली.

मास्तर पाटावर बसले. आयुष्यभर जपलेली गोष्ट मोडायला बसलो आहोत हे त्यांना ठाऊक होतं. ती मोडताना मनाला काही तरी बजावावं म्हणून शास्त्रातलं एखादं वचन ते आठवू लागले. एरवी ढिगाने सुचणाऱ्या वचनांतलं एकही आठवेना. तेव्हा जेवणाआधी रोज करत तेच त्यांनी केलं. डोळे मिटले, हात जोडले. 'प्रभो, या अन्नाबद्दल आणि ज्या हातांनी ते दिलं त्या हातांबद्दल...' पुढचं म्हणवलं नाही. त्यांनी पहिलं फूल तोंडात घातलं.

मनुकांसारखं गोड होतं, थोडं धुरकट, आणि मागून जराशी कडवट चव. ते सगळं खाल्लं. द्रोणाच्या तळाला चिकटलेलं बोटाने काढून खाल्लं.

"पाणी प्या, भाऊ," पार्वतीबाई म्हणाली. आणि ती आत गेली.

आतून मडक्यावरचं झाकण सरकल्याचा आवाज आला. मग खाण्याचा, घाईघाईचा. मध्येच ठसका लागला. देवकी गाठोडं घेऊन आत धावली.

"हळू वं पार्वतीबाई, हळू. पाणी घे."

"द्या वयनी."

मास्तर बाहेर पाटावर बसून होते. हातात रिकामा द्रोण होता. चष्मा धूसर झाला म्हणून त्यांनी तो काढला, पण पुसायचं सुचलं नाही.

*

झावळ्यांच्या रविवारी मनोहरराव आले. देवलापारहून चालत आल्यामुळे त्यांचा पांढरा झगा पिशवीतच राहिला होता आणि पाय गुडघ्यापर्यंत धुळीने माखले होते. टोल्यात माड नाहीत म्हणून पोरांनी नाल्यावरच्या शिंदीच्या फांद्या आणल्या होत्या. त्या हलवत सगळा टोला गात देवळात शिरला. पुढे नत्थूजी, गळ्यात ढोलकी. एवढी गर्दी पाहून मनोहररावांचा चेहरा उजळला, आणि मास्तरांना त्याचंच वाईट वाटलं.

उपासना झाल्यावर मनोहररावांनी सगळ्यांसमोरच विचारलं, "मास्तर, कोणी आहे का?"

खरं तेच सांगायचं असं मास्तरांनी ठरवलं होतं. ते उभे राहिले. "साहेब, बाप्तिस्म्यासाठी म्हणाल तर..."

"मी आहो ना," पार्वतीबाई म्हणाली.

मनोहरराव वळले. "बाई, तुम्हाला बाप्तिस्मा कशासाठी पाहिजे?"

मास्तरांनी डोळे मिटले.

"मी यायची बहीण आहो," ती म्हणाली. "पंचायतीनं ठरवलं. यायनं माह्या देवाचं खाल्लं, आता मी यायच्या देवाचं पाणी घेतो. नाई तं मले बरं नाई वाटत."

मनोहररावांनी सावकाश चष्मा काढला. "काय खाल्लं?"

"देवाला वाहिलेला मोह," मास्तर म्हणाले. या वेळी ते खाली बघत नव्हते. "माहीत असून खाल्लं. प्रार्थना करून खाल्लं. मी खाल्ला नसता तर ही उपाशी राहिली असती. कमिटीला सांगायचं असेल तर सांगा."

"आणि याच्याआधीच्या वर्षी?"

"याच्याआधी शेळीला घालत होतो."

मागे लहानूला हसू आवरलं नाही. मग कोणालाच आवरलं नाही. कवेलू हलतील एवढा टोला हसला. मनोहरराव हसले नाहीत, पण त्यांनी चष्मा उगाच बराच वेळ पुसला.

हसणं ओसरल्यावर ते पार्वतीबाईजवळ जाऊन मऊ आवाजात म्हणाले, "बाई, नातं समजलं. पण येशूबद्दल काही ठाऊक आहे का?"

"मास्तर सांगते थे ऐकलं. थोडं झोपीत ऐकलं," ती म्हणाली. "त्याले माराले नेलं तं त्याचे सोबती पळून गेले म्हणते. बाया गेल्या नाईत म्हणते. बाया थांबल्या."

एका पोराच्या हातातली शिंदीची फांदी तेवढी सळसळली. मास्तरांनी ही गोष्ट दरवर्षी सांगितली होती. ती कोणी ऐकली असेल, असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

"बरं," मनोहरराव म्हणाले आणि त्यांनी घसा साफ केला. "पण आज पाणी नाही. असं लगेच देता येत नाही. आधी शिकावं लागतं. प्रार्थना, आज्ञा, सगळं. मनापासून कळल्यावर. निदान वर्षभर तरी. आमचा नियम आहे."

"शिकवते कोण?" नत्थूजीने विचारलं.

मनोहररावांनी मास्तरांकडे पाहिलं. "तेच म्हणतो मी," ते म्हणाले. "शिकणारी आहे, तर शिकवणाऱ्याला हलवता येत नाही. शिकणं पुरं होईपर्यंत तरी नाही. उमरेडला मला दुसरा माणूस शोधावा लागेल."

देवकीने पदर तोंडाला लावला. मास्तरांनी मनोहररावांपुढे हात जोडले.

नत्थूजीने सगळं बोलणं मागच्या म्हाताऱ्यांना गोंडीत समजावून सांगितलं. मग ढोलकी काखेत मारली आणि बाहेर निघता निघता पार्वतीबाईपाशी थांबला.

"पारबती," तो सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "घाई नोको करजो वं. सावकाश शिकजो."